उद्घाटनाआधीचं पाऊल

नोकरीत असताना साहेबांच्या टेबलावर आलेला कागद सहसा पुढे सरकत नसे. त्यात साहेबांचा वाईट हेतू मुळीच नव्हता. त्यांना फक्त खात्री करून घ्यायला आवडायचं, आणि खात्री कशाचीच होत नसल्यामुळे लोक घराच्या बांधकामाची परवानगी मागता मागता म्हातारे व्हायचे. निवृत्तीच्या समारंभात सगळे इतके मनापासून खूश दिसत होते, की साहेबांना भरून आलं.

मग पार्किन्सन झाला. आधी उजवा हात थरथरू लागला. पुढे सही इतकी बारीक झाली, की बँकेतल्या माणसाने ती चष्मा पुसून पाहिली. आणि एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात साहेबांचे पाय थांबले. साहेब निघाले होते, धड पुढे झुकलंही होतं, पण पाय मागेच राहिले, कुणी डिंकाने फरशीला चिकटवल्यासारखे.

"अहो, आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा," बायको गरम पातेलं हातात धरून म्हणाली.

"प्रयत्न करतोय."

"तुमच्या ऑफिसात येणाऱ्यांनी हेच ऐकलं जन्मभर."

हे बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. साहेबांना त्याहून वाईट वाटलं, कारण ते खरं होतं.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या आणि चालण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. सगळे पेशंट तिला फिजिओताई म्हणत. तिने साहेबांना उठवलं, बसवलं, चालवलं, आणि खोलीच्या दारात ते अडकल्यावर हाताला धरून ओढलं मात्र नाही.

"पायांत ताकद आहे हो तुमच्या," ती म्हणाली. "घोडं पेंड खातंय ते दुसरीकडे. चालणं आपोआप सुरू होतं ना, ते आपोआप बंद पडलंय. मग आपण मुद्दाम सुरू करायचं. आधी थांबा. ताठ व्हा. वजन या पायावरून त्या पायावर टाका. आणि आता ही ओलांडा."

तिने त्यांच्या बुटांपुढे पिवळ्या टेपची एक पट्टी चिकटवली होती. साहेबांनी पट्टीकडे पाहिलं, पाय उचलला, पट्टी ओलांडली आणि चक्क चालू लागले. बायकोने पदर डोळ्यांना लावला.

"इतकं सोपं?" साहेबांनी विचारलं.

"रोज सोपं नसेल. पण ही वाट आहे."

बायकोने ही गोष्ट आनंदाच्या भरात आपल्या भावाला सांगितली, आणि इथेच माशी शिंकली. मेहुणे कुठल्याही कामाला अर्धवट हात घालणारे नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते पिशवीभर टेप घेऊन आले. संध्याकाळपर्यंत घराला विमानतळाची कळा आली. न्हाणीघराकडे लाल रेघा, पलंगाकडे निळ्या, आणि बैठकीत सगळ्या एकमेकींत अशा गुंतल्या, की पाहुण्यालाही पाऊल कुठे टाकावं कळेना. मुलाने टिकटिक करणारं यंत्र आणलं. सुनेने फोनवर वेगळीच टिकटिक लावली.

"बाबा, डावा!" सून म्हणाली.

"उजवा आधी, उजवा!" मेहुणे ओरडले.

"घाई नको, पण चला लवकर," मुलगा म्हणाला.

साहेब कोळ्याच्या जाळ्यातल्या माशीसारखे बैठकीच्या मधोमध उभे राहिले. त्यांना कुठलीही रेघ ओलांडता येईना. शेवटी त्यांना खुर्चीसकट उचलून जेवायला नेलं.

फिजिओताई घरी आली. दारात उभं राहून तिने तो देखावा पाहिला.

"यांना चालायचंय," ती म्हणाली, "विमान उतरवायचं नाहीये." दारांतल्या पट्ट्या सोडून बाकी सगळं तिने सोलून काढलं. "आणि एक यंत्र पुरे, तेही यांच्या चालीला जुळेल असं. हे पाऊल टाकत असताना कुणी बोलायचं नाही."

मेहुण्यांना हे लागलं. त्यांनी पुढे कितीतरी दिवस साहेबांशी अबोला धरला, आणि त्याचा फार चांगला परिणाम झाला.

फिजिओताई बरीच वर्षं हॉस्पिटलकडे एक हॉल मागत होती. तो अखेर मिळाला. गुळगुळीत फरशी, तिच्यावर ठळक रेघा, भिंतीला धरायला दांडा, तालासाठी स्पीकर. उद्घाटनाला बडे पाहुणे येणार होते, आणि पेशंटनी त्यांच्यासमोर चालून दाखवायचं होतं. साहेब ठेवणीतला कोट घालून गेले. दारात पोचतात तो आतून फिजिओताईचा आवाज.

"रेघा कुठायत?"

हॉलभर लाल गालिचा अंथरला होता.

"खाली आहेत," हॉस्पिटलचे संचालक म्हणाले. "सुरक्षित आहेत. पाहुणे गेले की गालिचा काढू."

"पण चालून दाखवायचंय ते पाहुण्यांसमोरच ना?"

"अर्थात."

"मग रेघांशिवाय कसं चालतील?"

"नेहमी चालतात तसं."

"नेहमी चालत असते तर इथे कशाला आले असते?"

संचालक शांतपणे हसले. नियमाप्रमाणे आपलं काहीही चुकलेलं नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते हसू होतं. साहेबांनी ते ओळखलं. ते जन्मभर स्वतःच तसं हसत आले होते. ते बाहेरच्या बाजूने कसं दिसतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं आणि कोटाच्या आत घाम फुटला.

पेशंटना दारात फितीमागे उभं केलं. दोन नर्सनी फीत ताणून धरली. पाहुण्यांना आधीच मागच्या दाराने आत नेलं होतं; भाषणानंतर त्यांनी फीत कापायची होती, पण ते बोलायला उभे राहिले ते खाली बसेनात.

"मित्रांनो, फक्त पहिलं पाऊल टाका," ते म्हणाले. "पुढची आपोआप पडतील!"

"यांना सांगा कुणीतरी," साहेबांमागून एक बाई कुजबुजल्या, "पहिल्याचंच तर रडगाणं आहे." त्या पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या आणि त्यांचेही पाय असेच रुसायचे. सगळे त्यांना कंडक्टरबाई म्हणत.

भाषण लांबलं. नर्सचे हात अवघडले. फीत कमरेवरून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून घोट्यावर. तेवढ्यात साहेबांना लघवीला लागली. या आजारात ती फार वाट पाहत नाही, आणि स्वच्छतागृह हॉलच्या पलीकडच्या टोकाला होतं. साहेब निघाले. पाय निघाले नाहीत. पुढे नुसता लाल गालिचा, ना रेघ ना खूण. त्यांनी कळवळून खाली पाहिलं. बुटांसमोर फरशीला टेकलेली पिवळी, चकचकीत, आडवी फीत होती.

साहेब थांबले. ताठ झाले. वजन या पायावरून त्या पायावर टाकलं.

फितीला कात्री लागायच्या आत कुणी आत जायचं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मंजुरीवाचून त्यांनी आयुष्यात कधी खिडकीसुद्धा उघडली नव्हती. त्यांनी फीत ओलांडली.

"पुढे चला, पुढे चला!" मागून कंडक्टरबाईंचा खणखणीत आवाज आला, आणि त्याही ओलांडून आल्या. त्यांच्यामागून बाकीचे आले. टाळ्या पडल्या. पाहुण्यांना वाटलं, हेच ते प्रात्यक्षिक. "वा, फारच छान!" म्हणत त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, फोटो काढले आणि दुसऱ्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून निघून गेले. कात्री तबकातच राहिली. साहेब मात्र वेळेवर पोचले.

दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप.

"फीत कापली गेली नाही," संचालकांनी फिजिओताईला समजावलं. "म्हणजे उद्घाटन झालेलं नाही. उद्घाटन न झालेला हॉल वापरायचा कसा?"

"पण लोक आत चालून आले!"

"तेच तर. ते नियमबाह्य झालं."

आठवडे गेले. पाहुण्यांची नवी तारीख मिळेना. तेव्हा साहेब बायकोला घेऊन संचालकांना भेटायला गेले. विनंती केली. संचालकांनी ती लक्षात ठेवतो म्हणून सांगितलं. या शब्दांचा अर्थ साहेबांना कुणी समजावायची गरज नव्हती. ते उठले, निघाले, आणि खोलीच्या दारात त्यांचे पाय थिजले.

पहिली काही मिनिटं अगदी खरी होती. पुढची त्यांनी नोकरीतल्या अनुभवावर काढली.

बाहेर सह्यांसाठी माणसं खोळंबली. चहावाला किटली घेऊन उलट्या पावली फिरला. संचालकांना वरून बोलावणं आलं, पण दारातून मांजरसुद्धा जाईना.

"अहो, जरा बाजूला तरी!"

"ओढू नका हं," साहेबांची बायको म्हणाली. "पडतील. मग कागदोपत्री केवढा घोळ होईल, बघा."

"पण याच्यावर काही उपाय नाही का?"

"आहे ना," साहेब नम्रपणे म्हणाले. "हॉलमध्ये शिकवतात."

संचालक साहेबांकडे बघत राहिले. एकाच जातीच्या प्राण्यांनी एकमेकांना ओळखावं तसं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांनी टेबलाचा खण उघडला, किल्ली काढली आणि साहेबांच्या खांद्यावरून शिपायाकडे दिली. "तात्पुरत्या स्वरूपात," ते म्हणाले. "प्रायोगिक तत्त्वावर."

बायकोने आपला पाय साहेबांच्या बुटांसमोर आडवा ठेवला. तो ओलांडून ते बाहेर पडले.

हॉलचं उद्घाटन अजून झालेलं नाही. पेशंट रोज येतात. काही दिवशी साहेब रेघांवरून झपाझप जातात, इतके की फिजिओताईला "सावकाश, पळू नका" म्हणावं लागतं. काही दिवशी गोळीचा अंमल उतरतो आणि ते मध्येच उभे राहतात. तेव्हा स्पीकर ठोके देत असतो, कंडक्टरबाई मागे पुटपुटत असतात, बायको दांड्यापाशी तोंड घट्ट मिटून उभी असते. साहेब ताठ होतात, वजन एका पायावर घेतात आणि पुढच्या रेघेकडे बघतात.