माझ्या हातचा जोड

एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होतो, रिसोड डेपोला. त्यातली निम्मी मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी गाडी न्यायची, तिकडच्या खेड्यातच झोपायचं, पहाटे परत. घरी रत्नमाला आणि टीव्ही. कधीही घरी आलो तरी टीव्ही चालूच दिसायचा, म्हणून मी ठरवून टाकलं की माझ्या बायकोला टीव्हीशिवाय करमत नाही. तिला विचारलं मात्र कधी नाही. जन्मभर स्टिअरिंग हातात असलं की रस्ता आपल्यालाच ठाऊक असं वाटायला लागतं.

रिटायर झाल्यावर एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. म्हटलं, आता दोघांनी फिरू. बाकं काढून दिवाण टाकला, गॅस बसवला, कपाटात बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही ठेवला. टपावर डिशची छत्री. छत्रीची तार आत आणून कपाटामागे टीव्हीच्या तारेला जोडली. तो जोड मी स्वतः केला.

दिवाळीनंतर निघालो. वेरूळ, अजिंठा, येताना लोणार. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर ‘सिग्नल नाही’. मी शिडी लावून टपावर चढलो. छत्री जरा डावीकडे घेतली, जरा वर केली.

“आलं का?”

“नाही आलं,” रत्नमाला खालून म्हणाली. “राहू द्या न जी. खाली या, चहा मांडला.”

“तू गप बस. तुले त्यातलं काय समजते?”

चहा निवून गेला. सकाळी बघतो तर टीव्ही ठणठणीत. मग रोज तेच. दिवसा चालायचा, दिवस मावळला की बंद. मी निदान केलं की संध्याकाळचं दव छत्रीच्या तारेत शिरतं. टोक बदललं, प्लास्टिक गुंडाळलं, छत्री विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. अकरा संध्याकाळी टपावर काढल्या. कपाटामागचा जोड तेवढा तपासला नाही, कारण तो माझ्या हातचा होता. आपला तो बाब्या.

परत आलो आणि पंधरा दिवसांत तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कामरगावहून तिची धाकटी बहीण गंगू येऊन राहिली.

रत्नमालाला पडल्या पडल्या करमावं म्हणून छोटा टीव्ही तिच्या खाटेजवळ लावायचं ठरवलं. तो काढायला मिनीबसमध्ये गेलो, कपाट ओढलं. मागचा जोड सुटलेला होता. तुटलेला नव्हता, कोणीतरी हाताने सोडवला होता. आतली बारीक तार वाकू नये म्हणून तिच्यावर हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळून गाठ मारलेली. ते लुगडं रत्नमालाचं.

चिंधी हातात घेऊन घरात आलो. गंगू तिला पेज भरवत होती. चिंधी बघून तिने वाटी खाली ठेवली.

“भाऊजी, आता मलेच सांगा लागते. तुमी फिरत होते तवा अक्कानं मले फोनवर सांगतलं होतं. रोज सांजच्याले अक्का तार काढून ठेवे अन् सकाळी लावून दे. म्हणे, टीव्ही बंद असला म्हणजे जवळ येऊन बसतीन.”

“पण तिले तर टीव्ही लागते.”

“तुमी घरी नव्हते म्हणून पाहे ते. तुमी आल्यावर तिले टीव्ही कायले पाह्यजे?”

“मंग बोलली काहून नाही?”

“बोलाचंच तं होतं तिले. कायतरी सांगाचं होतं तुमाले. काय, ते मलेबी नाही सांगतलं.”

मी रत्नमालाकडे पाहिलं. ती माझ्या हातातल्या चिंधीकडे बघत होती.

टीव्ही मिनीबसमध्येच राहिला. आता रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसतो. बत्तीस वर्षांतले मुक्काम एकेक करून सांगतो. माझं सांगून झालं की म्हणतो, आता तू सांग. ती डाव्या हाताने माझं मनगट धरते. ओठ हलतात, घशातून एक आवाज येतो, पुन्हा तोच येतो. मग ती थांबून माझ्याकडे बघते. टपावरून मी विचारायचो, तसं आता तिचे डोळे विचारतात, आलं का?

मी मान हलवतो. नाही आलं.