अर्धी प्रदक्षिणा

टाकी भरून वाहिली हे मी कुठे नाकारते? वाहिली. जिन्यावरून पाणी खालच्या शर्माइनच्या दारात गेलं, तिचं पायपुसणं भिजलं. पण माझं डोकं काम करत नव्हतं म्हणून नाही हं. डोकं जोरात चालू होतं, म्हणून वाहिली!

शर्माइननं थेट पुण्याला फोन लावला. "हर्षल भैया, आँटीजी को अब अकेले मत छोड़ो. दिनभर कम्प्यूटर में घुसी रहती हैं." झालं! त्याच आठवड्यात आमचे चिरंजीव सकाळी सकाळी उज्जैनला, नानाखेड्याच्या घरी हजर. खिशात संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं, एक त्याचं आणि एक माझं.

"आई, आता कायमची चल. तुला विसरायला होतंय."

मला जायचं नव्हतं. साफ सांगते. माझा जन्म इथला, शाळेतली नोकरी इथली, सगळी भांडणं इथली. तिकडे दहाव्या मजल्यावर बसून मी कोणाशी भांडू?

"विसरले नव्हते. नव्व्याण्णवाव्या पातळीवर होते," मी म्हटलं.

"एका फालतू गेमपायी?"

माझं टाळकंच सरकलं. "फालतू? बस इथे. तू पार करून दाखव, निमूट बॅग भरते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी करीन, गाडीच्या आधी. मग माझं डोकं ठिकाणावर आहे हे कबूल करायचं, आणि मी इथेच राहणार."

हर्षल हसला. दिवसभर कम्प्यूटरवरच पोट भरणारा माणूस तो. खुर्ची ओढून बसला.

खेळ दिसायला सोपा. एक इवलासा माणूस, चार पेट्या, चार खुणा. पेटी ढकलत खुणेवर न्यायची. ओढता येत नाही, त्यामुळे चुकीच्या जागी गेली की पुन्हा पहिल्यापासून. या पातळीत मधे चौक, चौकाभोवती गोल बोळ, आणि बोळात एक नाळी, पाण्याची पन्हळच म्हणा. माणूस नाळी ओलांडतो, पेटी मात्र तिच्यात रुतून बसते. खुणा नाळीच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन. मी दर वेळी दोन पेट्या नीट लावायचे, नाळी ओलांडून पुढे जायचे आणि उरलेल्या दोघींच्या नेमक्या चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहायचे. तिथेच माझं घोडं पेंड खात होतं.

त्याचंही तिथेच अडलं. पोहे गार झाले. बायकोचा फोन आला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणाला! जेवणाचं ताट मी त्याच्या मांडीवर ठेवलं, तर उजव्या हातानं जेवताना डाव्या हातातला माऊस सुटेना. मला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे मी घड्याळाकडे बघत होते. कारण जमत मलाही नव्हतंच.

दुपार उतरली तशी मी म्हटलं, "ऊठ. काही झालं तरी महादेवाच्या पाया पडून येऊ."

आमच्या कॉलनीतलं देऊळ लहानसंच. हर्षलनं नमस्कार केला आणि तंद्रीतच चालू लागला. "आधी डावी लावली तर..." असं पुटपुटत त्यानं पिंडीचं पाणी जाते त्या नाळीवरून पाय उचलला. मी मागून त्याचा शर्टच धरला.

"अरे गाढवा! शंकराला पूर्ण चक्कर मारतात का? नाळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं. उज्जैनचा ना तू?"

बोलले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शर्ट हातातच राहिला. अगंबाई! नाळी ओलांडायचीच नाही!

"हर्षल, घरी चल. पळ!"

गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी मी त्याच्या पुढे होते. चपला दारात कुठेही टाकल्या आणि खुर्चीत बसले. दोन पेट्या नाळीपर्यंत नेऊन खुणांवर लावल्या. नाळी समोर होती, एका पावलावर. नाही ओलांडली. माणूस आल्या वाटेनं मागे फिरवला, अख्खा बोळ चालवला, आणि उरलेल्या दोन पेट्या उलट्या दिशेनं ढकलत नेल्या. तिसरी बसली. हर्षल मागे श्वास रोखून उभा होता. चौथी सरकली, सरकली, आणि बसली!

पडद्यावर फटाके उडाले. मी खुर्चीतून अशी ओरडले की खालून शर्माइन "क्या हुआ, क्या हुआ" करत वर आली.

"जीत गई!" मी तिला म्हटलं. "कहीं नहीं जा रही मैं!"

हर्षलनं वाकून मला नमस्कार केला, अगदी पायाला हात लावून. मग त्याची नजर पडद्यावर गेली. शंभरावी पातळी उघडली होती. त्याचा हात हळूच माऊसकडे सरकला.

फटकन मारलाच मी त्या हातावर. "आधी माझं तिकीट रद्द कर."

त्यानं मोबाइल काढला, बोटं चालवली, मला दाखवलं. रद्द. मग पुन्हा बोटं चालवू लागला.

"आता काय करतोस?"

"माझंही करतोय. उद्या जाईन," तो म्हणाला. "सरक ना थोडी."