एकाच बाजूने उघडणारं दार

ज्याने कुणी हा विमानतळ आखला, त्याच्या घरात म्हातारं माणूस नसावं. असतं तर बाहेर जायची वाट ऐसपैस, झगझगीत आणि पुढचं विमान पकडणाऱ्यांचा जिना खांबाआड, असा उफराटा कारभार त्याने केला नसता. वरची पाटी वाचायला मी बाबांचा हात सोडला. पाटीवर बाणच बाण, त्यातले दोन एकमेकांकडे तोंड करून. मान खाली केली तर बाबा गर्दीबरोबर निघालेले. काचेचं दार आपोआप सरकलं, बाबा बाहेर गेले आणि दार मिटलं. त्या दाराने फक्त बाहेर जाता येतं, परत आत येता येत नाही.

आम्ही दादाकडे निघालो होतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तिकडच्या इस्पितळात तो यंत्रावर होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांची शेवटची भेट व्हावी म्हणून वहिनीने हातापाया पडून यंत्र बंद करायला संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली होती. हे विमान चुकलं तर पुढचं थेट उद्या. बाबांना मी हे घरी सांगितलं, गाडीत सांगितलं, पहिल्या विमानातही सांगितलं. त्यांच्या डोक्यात आता काही टिकत नाही. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकतात आणि दर वेळी त्यांचा चेहरा तसाच उतरतो. पुन्हा सांगायचा मला धीर होत नव्हता.

मी काचेवर थापा मारल्या. बाबांनी वळून पाहिलं. 'तिथंच थांबा,' अशी खूण केली, पण त्यांनी भलतंच ताडलं. बाबांचा धंदा कुलपं दुरुस्त करायचा. कोंडलेल्या माणसांना सोडवण्यात त्यांची हयात गेली. ते दाराच्या कडेवरून बोटं फिरवू लागले. कडी नाही, बिजागरी नाही, किल्लीला भोक नाही. त्यांना घाम फुटलेला मला इकडून दिसत होता.

दाराशी बसलेला रक्षक भला होता. "बाहेरच्या माणसाला सांगतो," तो म्हणाला. "तो त्यांना वरच्या मजल्यावरून तपासणीतून फिरवून आणेल. पास आहे ना त्यांच्याकडे?"

"खिशात आहे. पण विमान मिळेल का?"

"लगेच निघाले तर मिळेल."

बाहेरच्या रक्षकाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी तो झटकला. मग आतल्या रक्षकाच्या वायरलेसवर त्याचा आवाज आला, "ते हलत नाहीयेत. म्हणतात, मुलगी आत कोंडलीय, तिला काढल्याशिवाय जाणार नाही."

मी वायरलेस जवळजवळ हिसकावूनच घेतला. "बाबा, मी ठीक आहे. त्यांच्याबरोबर जा. मी वर भेटते."

"तुला कुणी असं बोलायला लावतंय का?" बाबा म्हणाले. "घाबरू नकोस. मी आहे इथे."

बाबांचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

"तुम्ही पुढे व्हा," रक्षक हळूच म्हणाला. "आम्ही बसवून ठेवतो त्यांना. कुणा नातेवाइकाला बोलवून घ्या."

मी वहिनीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "निदान तुम्ही तरी या हो. मी इथे एकटी आहे." मला जायचं होतं. खरं सांगते, मी जिन्याच्या दोन पायऱ्या चढलेही. मग मागे पाहिलं. बाबा दुखऱ्या गुडघ्यांवर बसून दाराच्या तळाशी स्क्रू शोधत होते आणि येणारेजाणारे त्यांना वळसा घालून चालले होते.

मी बाहेर गेले.

त्यानंतर आम्ही नुसते धावलो. सरकता जिना एका टोकाला आणि तपासणी दुसऱ्या टोकाला. रांगेत माणूस नाही, तरी पट्ट्यांमधून नागमोडी चालायचं. पुढे अत्तरांचं दुकान, आणि वाट मुद्दाम त्याच्या पोटातून वळणं घेत काढलेली. बाबांना धाप लागलेली, मी त्यांना ओढतेय आणि बाया हसून बाटल्या पुढे करतायत. आखणाऱ्याच्या नावाने मी बोटं मोडत होते.

विमान काचेपलीकडे उभं होतं. दार लागलेलं. "सॉरी मॅडम, एकदा बंद केलं की आम्हालाही उघडता येत नाही," तिथली मुलगी म्हणाली. मी हात जोडले, रडले. दादाचं सगळं सांगितलं. तिचेही डोळे भरून आले, पण विमान मागे सरकायला लागलं.

बाबांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "रडतेस कशाला? सुटलीस ना तू?"

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तिचा आवाज ऐकून मला कळलं की दादा संध्याकाळपर्यंत काही थांबणार नाही. "बाबांना बोलू द्या," ती म्हणाली. "ह्यांच्या कानाशी धरते फोन."

"दादा आहे," एवढंच सांगून मी फोन बाबांच्या हातात दिला.

"अरे, ही अडकली होती," बाबा खुशीत म्हणाले. "काढली मी तिला. आता तुझ्याकडेच येतोय. कुठे आहेस तू, सांग बघू." दुसऱ्या कानावर तळहात दाबून ते बराच वेळ उत्तराची वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "थांब, पत्ता हिलाच सांग. मी विसरतो हल्ली."

मी फोन कानाला लावला. पलीकडे यंत्राचा आवाज आणि वहिनीचे हुंदके. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "हो दादा," मी म्हणाले. "हो. हो, कळलं. येतो."