काट्यावरची नाचरी पट्टी

निशिगंधा स्कूटीवरून उतरली तेव्हा काट्यावर ट्रॅक्टरांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली होती. आज तिला तो बग, म्हणजे तिच्या सॉफ्टवेअरमधली खोड, स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार होता. आठवडाभर ज्यानं तिची झोप उडवली, तो आज समोर यायचा होता. एखादीला नवरा मुलगा पाहायला जाताना होत नसेल एवढी धडधड तिला होत होती.

पिंपळगाव राजाच्या बाहेर उकंडरावांचा धर्मकाटा आहे. सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर लोखंडी फळीवर चढतो, आत संगणकावर वजन उमटतं, बोटानं बटण दाबलं की पावती निघते. ते बोट निशिगंधाच्या आईचं, म्हणजे बनाबाईचं. बनाबाई आधी याच खोलीत झाडू मारायची. मग पावत्या फाडायला लागली, मग हळूहळू संगणकासमोर बसायला लागली. खुर्ची तिला कोणी दिली नव्हती, ती तिनं कमावली होती.

पण मागच्या महिन्यात उकंडरावांनी नवा संगणक आणला आणि घोटाळा झाला. कामाच्या सगळ्या चित्रांची पट्टी, जिला टास्कबार म्हणतात, ती नव्या संगणकात पडद्याच्या तळाला चिकटलेली. काही केल्या वर सरकेना. आणि पडदा ठेवलेला लाकडी काउंटरच्या उंच कडेमागे, त्यामुळे खुर्चीत बसलं की नेमका तळच दिसायचा नाही. शिवाय चित्रं मुगाच्या दाण्याएवढी. बनाबाई दर पावतीला उठून उभी राहायची, वाकायची, चुकीच्या चित्रावर बोट ठेवायची.

मग निशिगंधानं सॉफ्टवेअर लिहिलं. पट्टी वर नेली, चित्रं लाडवाएवढी केली, खाली मराठीत ‘वजन’, ‘पावती’, ‘हिशोब’ लिहिलं. नावही साधंच ठेवलं, ‘पट्टी’. तिचं सॉफ्टवेअर रोजच्या कामात वापरणारी पहिली व्यक्ती तिची आईच होती, आणि त्याचा तिला किती अभिमान होता हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि तीच पट्टी दुसऱ्या दिवसापासून नाचायला लागली.

कोणी हात न लावता यादी उघडायची, मिटायची. ‘हिशोब’ आपोआप चालू व्हायचा, ‘वजन’ गायब व्हायचं. ड्रायव्हर म्हणायचे, काट्यावर भूत आहे. निशिगंधा दुपारी कॉलेजातून सुटून यायची तेव्हा पट्टी अशी गरीब गाय होऊन बसलेली असायची, की जणू हिनंच सकाळी धिंगाणा घातला यावर कोणाचा विश्वास बसू नये.

तिचा मित्र धम्मदीप खामगावात राहायचा. निशिगंधा लिहायची आणि तो तिचं लिहिलेलं मोडून पाहायचा, अशी त्यांची वाटणी होती. त्यानं खामगावातून इंटरनेटनं काट्याचा संगणक जोडून दोन सकाळी पहारा दिला. नाच त्यालाही दिसला, पण कारण दिसलं नाही. नवं अपडेट काढून पाहिलं. व्हायरस शोधून पाहिला. पट्टी उतरवून पुन्हा चढवली. स्वतःच्या संगणकावर तीच पट्टी टाकून पाहिली आणि जगातल्या तमाम प्रोग्रामरांचं लाडकं वाक्य त्यानंही म्हटलं.

“माह्याकडे तर मस्त चालून राह्यली व.”

काल मात्र कडेलोट झाला. एका ट्रॅक्टरची पावती दुसऱ्याच्या नावानं निघाली. शेतकरी भडकला, उकंडराव त्याहून भडकले. संध्याकाळी त्यांनी बनाबाईला सांगितलं, “उद्याचा दिवस पाहतो. उद्या बी असंच झालं तर ते पट्टी-बिट्टी काढून टाकू, आन् खामगावून शिकलेलं पोट्टं आनू. तुम्ही मंग आपल्या पावत्याच नेऊन देत जा ट्रॅक्टरवाल्याईले.”

घरी येऊन बनाबाई एवढंच म्हणाली, “तू नको तरास करून घेऊ माय. मले उभं राह्याची सवय हाये.” तेव्हाच निशिगंधानं ठरवलं, उद्या कॉलेजला दांडी.

आज ती काट्याच्या खोलीत शिरली तेव्हा बनाबाई खुर्चीत ताठ बसली होती. खोलीत उदबत्तीचा वास होता. भिंतीवर सरस्वतीचा फोटो, पडद्याला झेंडूचा टवटवीत हार, वर घरघरणारा पंखा, दारात उकंडराव. हार, उदबत्ती, कुंकू हे या भागातल्या प्रत्येक दुकानात असतं, वजनकाट्यालाही असतं. त्यामुळे निशिगंधाची नजर त्यावरून घसरून सरळ पट्टीवर गेली.

पट्टी नाचत होती.

ती अक्षरशः हरखली. माणसं बग पाहून रडतात, ही मनात हसली. यादी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ‘हिशोब’ चालू झाला. थांबला. परत.

“दिसलं का?” बनाबाईनं विचारलं.

“दिसलं आई. सरक जराशी.”

तिनं धम्मदीपला फोन लावून कानाला चिकटवला आणि कामाला लागली. एकेक गोष्ट बंद करत जायची, ही तिची पद्धत. पावतीचा प्रिंटर काढला. नाच चालूच. वजनाची वायर काढली, बाहेर ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवले, नाच चालूच. इंटरनेट तोडलं, म्हणजे धम्मदीपचा खामगावातून असलेला जोडही तुटला, तरी नाच चालूच. शेवटी तिनं छातीवर दगड ठेवून स्वतःची पट्टीच बंद केली. साधी टास्कबार खाली आली आणि नाच थांबला.

दारातून उकंडराव म्हणाले, “पाह्यलं? तुह्याच सॉफ्टवेअरमंदी खोट हाये पोरी. मी तं पहिल्याच दिवशी म्हनलं होतं.”

निशिगंधाचे कान तापले. तिला खरंच वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकलं आहे, आणि त्याची किंमत आई उभी राहून फेडणार आहे. तिनं सगळ्या वायरी परत जोडल्या आणि पट्टी पुन्हा चालू केली. नाच पुन्हा चालू. बनाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि तिनं सरस्वतीला हात जोडले.

इतक्यात लाईन गेली.

पिंपळगावात लाईन जाणं ही काही बातमी नव्हे. संगणक आणि काटा इन्व्हर्टरवर होते, ते चालू राहिले. पंखा थांबत थांबत थांबला. आणि पट्टीही थांबली. एकदम शांत. ‘वजन’, ‘पावती’, ‘हिशोब’ शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे.

“धम्मा,” निशिगंधा फोनमध्ये कुजबुजली, “लाईन गेली आन् नाच बंद झाला बे.”

“व्होल्टेज असन.”

“इन्व्हर्टरवर हाये. व्होल्टेजचा काय संबंध?”

ती पडद्याकडे बघत बसली. लाईन येईपर्यंत बनाबाईनं पटापट ट्रॅक्टर मोजून घेतले, एक चूक नाही. मग दिवा पेटला. पंखा घरघरला. निशिगंधानं श्वास रोखला. आधी पंख्याचं पातं फिरलं, मग हाराचं लोंबतं टोक हललं, पडद्यावरून इकडून तिकडे गेलं, आणि ते जिथून जिथून गेलं तिथली तिथली चित्रं उघडत, मिटत गेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. निशिगंधानं कपाळावर हात मारला.

हा पडदा बोटानं चालायचा, पण मोबाइलसारखा नव्हे. उकंडरावांनी जुना स्वस्तातला मोठा पडदा आणून त्याला कडेनं काळी चौकट बसवून घेतली होती. त्या चौकटीतून डोळ्यांना न दिसणारे किरण काचेवरून आडवे-उभे धावत असतात. मध्ये काहीही आलं की पडदा समजतो, बोट लागलं. मग ते बोट असो, काडी असो की झेंडूचं फूल. जुनी पट्टी तळाला होती तोवर वर हललेल्या फुलानं काही बिघडलं नसतं. निशिगंधानं पट्टी वर नेली ती थेट हाराखाली. आणि बिचारा धम्मदीप खामगावातून पडद्याच्या आतलं सगळं पाहू शकत होता. पडद्याच्या बाहेर काय लटकलंय ते त्याला कसं दिसणार?

तिनं दोन बोटांनी हाराचं टोक उचलून धरलं. नाच बंद. सोडलं. नाच चालू. तिनं पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. तिला त्यातच मजा यायला लागली.

“काका,” ती वळून म्हणाली, “खोट सॉफ्टवेअरमंदी नाही. पाहा अठी.”

उकंडरावांनी पाहिलं. स्वतः टोक उचलून, सोडून पाहिलं. मग आधी त्यांची मिशी हलली आणि मग ते पोट धरून हसले. “बनाबाई, काढा तो हार. देवाची पूजा फोटोले करा ना. या डब्ब्याले काऊन घालता?”

बनाबाई हसली नाही. तिनं उठून हार उतरवला. तो हातात तसाच धरून ती उभी राहिली.

“म्हंजे मीच बिघडवलं होय तुह्यं काम,” ती म्हणाली.

“तसं नाही व आई. पण जुन्या संगणकाले तर तू कधी हार घालत नव्हती?”

“नाही. तवा सरस्वतीलेच घालत होतो.” बनाबाई हारातलं एक दुमडलेलं फूल सरळ करत होती. “तू पट्टी बसवली न, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अठी घालून राह्यलो. तुह्या हातचं हाये म्हनून. दुपारी फुलं माना टाकतात, तू येते तवा सुकेल हार दिसू नये म्हनून आधीच उतरवून ठेवतो.”

आठवडाभर निशिगंधा ज्या बगाला शिव्या घालत होती तो तिच्या आईनं दररोज पहाटे परसातली फुलं तोडून, ओवून, काट्यावर आणून टाकला होता. तिला भरून आलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तिला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली. पण उकंडराव उभे होते, म्हणून तिनं नाक पुसलं आणि खुर्ची ओढली.

“आई, हार टाकू नको. जरा धरून ठेव.”

“काऊन?”

“थांब तू.”

बाहेर हॉर्न वाजत होते. उकंडराव घड्याळाकडे पाहायला लागले. निशिगंधाची बोटं मात्र कढईत लाह्या फुटाव्यात तशी उडत होती. तिनं पट्टी हारभर खाली घेतली आणि वरच्या तेवढ्या जागेला सांगून टाकलं, तुला काहीही लागलं तरी तू बोलायचं नाहीस. मग उठून हाराचं लोंबतं टोक दोऱ्यानं वर बांधलं आणि आईला म्हणाली, “घाल आता.”

बनाबाईनं मालकाकडे पाहिलं. मग हार घातला. पंखा पूर्ण जोरात होता. झेंडू डोलत होता. पट्टी जागची हलली नाही.

“पुढचा ट्रॅक्टर घ्या,” उकंडराव बाहेर ओरडले. मग आत वळून, जणू काही फार मोठं बोलत नाहीत अशा आवाजात म्हणाले, “बसा बनाबाई. उभ्या काऊन?”

बनाबाई बसली. बोट उचललं, ‘पावती’वर ठेवलं. पावती निघाली, बरोबर नावाची.

संध्याकाळी निशिगंधानं नवी पट्टी, सगळ्यांना वापरता यावी म्हणून इंटरनेटवर टाकण्याआधी, धम्मदीपला पाठवली. त्यानं नेहमीप्रमाणे सगळी मोडतोड करून पाहिली आणि फोन केला.

“बाकी सगळं ठीक हाये. पण ह्या सेटिंगमंदी ‘हाराची जागा’ म्हनून काय टाकलं व तू? आन् चालूच ठेवलं. आपल्या भागाबाहेर कोन हार घालते संगणकाले?”

“राहू दे चालू.”

“सगळ्याईले?”

“हाव,” निशिगंधा म्हणाली. परसात बनाबाई उद्यासाठी झेंडूला पाणी घालत होती. “ज्याले नको असन तो बंद करन.”