चाचणीची ओळ

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात मंगळवारी सकाळी पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसचा ठोका पडला आणि प्रितेशच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो सव्वीस वर्षांचा, नालासोपाऱ्याचा.

त्या प्रेसला दोन बटणं आहेत, दोन फुटांच्या अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडू नये, म्हणजे हात आत राहत नाहीत. घाईत कामगार एक बटण तारेने बांधून ठेवतात. प्रितेशनेही बांधलं होतं, असं गाळ्याचा मालक सांगत होता. प्रितेशचं म्हणणं होतं की तार नव्हती, उजवा हात आत असताना फक्त डाव्या बटणाला हात लागला.

प्रेसचा कंट्रोल बोर्ड दोन गल्ल्या पलीकडे दिनानाथ यांच्या कारखान्यात बनला होता. चिपमधला प्रोग्राम तिथल्या सिद्धेशचा, असेंब्ली भाषेतला. बातमी कळताच त्याने फाइल उघडली. तिसरी ओळ होती, TEST EQU 1.

ही ओळ चिपमध्ये जात नाही. ती असेंब्लरला, म्हणजे प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलेली सूचना असते. एक असेल तर उजवं बटण तपासणारा भाग असेंब्लर गाळूनच टाकतो. टेबलावर चाचणी घेताना एका हातात मीटरची पिन असते, म्हणून ही सोय. माल पाठवण्याआधी एकचा शून्य करायचा. दोन्ही वेळा असेंब्लर ‘शून्य चुका’ असंच सांगतो.

चाचणीची चिप चुकून मालात जाऊ नये म्हणून बोर्ड तपासणारी स्वप्ना तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची.

“त्या चिपवर ठिपका होता?” सिद्धेशने विचारलं.

“नेलपॉलिश संपलं होतं सर. म्हटलं, कंपनी आणेल तर लावीन. तुम्हीच म्हणालात, राहू दे, एकच तर बोर्ड आहे.”

दिनानाथ यांनी सगळं ऐकून घेतलं. “उद्या इन्स्पेक्टर येतोय. शून्य कर आणि आजच चिप बदलून ये.”

“आणि प्रितेश, सर?”

“तार सगळेच बांधतात रे. इथे अकरा घरं चालतात, त्यात तुझंही आहे.”

सिद्धेशने शून्य केलं. शून्य चुका. संध्याकाळी त्याने प्रेसमधली चिप बदलली आणि डावं बटण दाबून पाहिलं. ठोका पडला नाही.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरनेही तेच बटण दाबून पाहिलं, पाच वेळा. मग तो सिद्धेशला बरोबर घेऊन इस्पितळात जबाब घ्यायला गेला.

प्रितेश सिद्धेशला ओळखत होता. बोर्ड बसवला तेव्हा बटणं कशी दाबायची ते सिद्धेशनेच त्याला शिकवलं होतं.

“सर, तुम्हीच सांगा यांना. एका बटणावर ठोका पडू शकतो ना?”

इन्स्पेक्टरने पेन थांबवून वर पाहिलं.

“नाही,” सिद्धेश म्हणाला. “दोन्ही दाबल्याशिवाय नाही.”

प्रितेश बँडेजकडे बघत राहिला.

“तुम्ही बनवलंय, तुम्हाला माहीत. मग मीच काहीतरी केलं असेल.”

इन्स्पेक्टरने ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. प्रितेशने डाव्या हाताने सही केली. ती जुन्या सहीशी जुळत नव्हती, म्हणून शेजारी अंगठाही घेतला.