मबरका मावशीची तब्येत

अल्जीरियातल्या सेतीफच्या मोटारबाजारात त्या वर्षी इंजिनाबद्दल कुणी विचारत नसे. पहिला प्रश्न असायचा, "बाईंचं वय काय? शुगर आहे? ब्लडप्रेशर?"

नव्या गाड्यांची आयात सरकारने बंद केली होती. नवी गाडी आणायचा एकच रस्ता उरला होता, तो म्हणजे स्वातंत्र्यसैनिकाचा किंवा त्याच्या विधवेचा परवाना. परवाना त्यांचा, पैसे तुमचे. तीन वर्षं गाडी कागदोपत्री बाईंचीच राहणार आणि तुम्ही ती त्यांच्या मुखत्यारपत्रावर चालवणार; मग त्या ती तुमच्या नावावर करून देणार. त्याआधी बाई गेल्या, की मुखत्यारपत्र त्यांच्याबरोबर कबरीत आणि गाडी वारसांच्या अंगणात. तेव्हा चौकशी इंजिनाची कशाला करायची?

मी नगरपालिकेच्या दाराशी छत्री लावून लोकांचे अर्ज लिहितो. लमूरी माझ्याकडे आला तो पायी आला, आणि आमच्या गल्लीत ही बातमी होती. हा फरशीचा दुकानदार. गल्लीतली पहिली नवी कोरी गाडी त्याचीच. भाव चढले तेव्हा त्याने ती चार वर्षं वापरलेली गाडी खरेदीपेक्षा जास्त किमतीला विकली आणि मिठाई वाटली. "वापरून वर नफा! येडे लोक बँकेत पैसे ठेवतात." पुढच्या महिन्यात नवी घ्यायची, असा हिशोब. पुढच्या महिन्यात आयातच बंद झाली. दीड वर्षं तो बसला लोंबकळत होता.

"हफीदभाऊ, परवाना बघा एखादा. म्हातारी चालेल, पण ठणठणीत पाहिजे."

"एक आहे. सत्तरी ओलांडलीय, पण अजून बदाम दातांनी फोडते. मबरका मावशी."

लमूरी चपलेकडे बघत राहिला.

कारण गल्लीला पाठ होतं. साडेपाच वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या भर उन्हात, मावशीचा नवरा ताहर उंबऱ्यातच कोसळला. समोर लमूरीची तीन दिवसांची गाडी उभी होती, सीटवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. मावशी अनवाणी त्याच्या दाराशी धावली. हा खिडकीतून म्हणाला, "मावशी, अँब्युलन्सला फोन करा. तो उलट्या करतोय, सीट नव्या आहेत." अँब्युलन्स चाळीस मिनिटांनी आली. तोवर न्यायला ताहर उरला नव्हता. दुखवट्याला लमूरीकडून कुसकुसची दोन ताटं आली. मावशीने ती भिकाऱ्यांना वाढली आणि ताटं घासून परत पाठवली.

"देईल ती?" लमूरीने हळूच विचारलं.

देणारच होती. मी आदल्याच आठवड्यात तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "माझ्या माणसाने फ्रेंचांशी लढत डोंगरात चार वर्षं काढली, त्याचा हा कागद. लमूरीलाच दे. दुसऱ्या कुणाचं नाव काढू नकोस." मग मुखत्यारपत्रातली एकेक ओळ तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

लमूरीलाही मी सावध केलं, खोटं कशाला बोलू? "गाडीचे पैसे तिने तुमच्याकडून उसने घेतलेत, अशी कबुलीही नोटरीकडून लिहून घ्या. सगळे घेतात. उद्या बाई फिरल्या तर?"

तो हसला. "अडाणी बाई ती! अंगठ्यापलीकडे तिला काय कळतं? उगाच फी वाढवू नका."

पांढरी गाडी आली. दुसऱ्याच आठवड्यात त्याला फोन, "लमूरी बेटा, छातीत कळ येतेय रे." दुकान उघडं टाकून तो घरातल्या चपलांवर धावला. तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं आणि इस्पितळापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. डॉक्टर म्हणाले, गॅस.

पुढच्या खेपेला निघण्याआधी मावशीने वाटीभर खजूर आणि तांब्याभर ताक घेतलं होतं. चौकातल्या वळणावर सगळं सीटवर आलं. ओढणीने तोंड पुसत तिने विचारलं, "सीट नव्या होत्या का रे?"

लमूरी बिचारा म्हणतो, "राहू द्या मावशी, तुम्ही आडव्या व्हा!"

हिवाळ्यात तो तिच्यासाठी हीटर घेऊन आला. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली, की तो रस्त्यातून ओरडायचा, "मावशी, पायऱ्या चढू नका, मी घालतो!" आणि घालायचाही. त्याची स्वतःची आई दातदुखीने गाल धरून बसलेली असायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोटचा मुलगा एवढं करत नाही. तीन वर्षांत मी इस्पितळाच्या एक्कावन्न फेऱ्या मोजल्या. मावशीची नाडी खेचरासारखी चालत होती.

तीन वर्षं भरली त्या सोमवारी लमूरी नवा सदरा घालून तिला नगरपालिकेत घेऊन आला. विक्रीचा कागद मीच भरला होता. उरला होता तो मावशीचा अंगठा. खिडकीशी ती ओळखपत्र मुठीत धरून उभी राहिली.

"एक विचारते. त्या दिवशी माझ्या माणसाला गाडीत का घेतलं नाहीस?"

मागच्या रांगेने माना पुढे काढल्या.

"मावशी... बॅटरी उतरली होती."

"सकाळी तर गाडीतून कलिंगडं आणलीस."

"म्हणजे, किल्ली सापडत नव्हती."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मावशीने ओळखपत्र झग्यात खोचलं. "खरं बोलला असतास तर अंगठा दिला असता. अल्लाशपथ."

माझा काही यावर विश्वास नाही. पण लमूरीचा बसला, आणि ते त्याला जास्त जाळत असणार.

"गाडी माझी आहे! पैसे मी मोजलेत!"

खिडकीमागचा कारकून म्हणाला, "तसा कागद आहे?" लमूरीने माझ्याकडे पाहिलं. मी पेनात शाई भरत होतो.

"ओरडू नकोस, मला कळ येईल," मावशी म्हणाली. "काढून कोण घेतंय? मला कुठे चालवता येते? तूच चालव. फक्त विकायची नाही. आणि मी मेले की माझ्या भाच्यांची. पाच आहेत, पाचही बसने फिरतात." ती दाराकडे वळली. "गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. आठला ये."

गुरुवारी मी छत्री लावायला मुद्दाम तिच्या दारावरून गेलो. पावणेआठ वाजले होते. लमूरी गाडीचं मागचं दार उघडून उभा होता, आणि मावशी आत निवांत दुसरा चहा पीत होती.