मागं वजन पायजे

टायरवाल्या गणपतरावांनी गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवं बसून टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घातली. दोन गेली, तिसरं अडलं. बोटं पँटला पुसत ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, रिकाम्या गाडीवर काय कळत नसतंय, मागं वजन पायजे.

उद्यमनगरातल्या त्यांच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या सगळ्यांनी आकारामकडे बघितलं.

त्यात नवल काही नव्हतं. कसबा बावड्यात वजन म्हटलं की आकारामच आठवायचा. तालीम सोडून पुष्कळ वर्षं झाली होती, कान तेवढे मोडलेले राहिले होते, पण अंग काही मागं हटलं नव्हतं. पूर्वी घरात स्कूटर होती तेव्हा आकाराम मागं बसला की पुढचं चाक हलकं व्हायचं, म्हणून लहानग्या लेकाला, उदयसिंहाला, पुढं उभं करायचे. तोच उदयसिंह आता गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत सुपरवायझर झाला होता आणि त्यानं जुनी पण टकाटक मारुती एस्टीम घेतली होती. गाडी आली त्या दिवशी बापाला मागं बसवून तो भाऊबंदांना म्हणाला होता, आबा बसल्याशिवाय गाडी रस्ता धरत न्हाई.

आकाराम तेव्हा हसला होता. आत मात्र चरकला होता. कारण गेल्या गणपतीपासून त्याचं अंग उतरत चाललं होतं. आधी लेंग्याची नाडी ओढून बांधावी लागली, मग शर्टाचे खांदे खाली आले. त्यानं शर्टाखाली एकावर एक दोन बनियन घालायला सुरुवात केली आणि ते स्वतःच धुऊ लागला. चिमणाबाईला वाटलं, म्हातारपणी नवऱ्याला स्वच्छतेचं वेड लागलं. एकदा तिनं गालाकडे निरखून बघत विचारलं, तर आता काय मला मैदानात उतरायचंय काय, म्हणून त्यानं विषय उडवून लावला.

सांगायचं कुणाला आणि कसं? त्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळं घर आण्णा म्हणायचं, तोही असाच वाळत गेला होता. घरच्यांनी दवाखान्यात नेला तेव्हा चालत गेला, आणि परत आला तो चौघांच्या खांद्यावर. तेव्हापासून आकारामच्या मनानं घेतलं होतं की कुणाला कळलं नाही तोवर आपण बरे आहोत. कळलं की सुरू झालं.

आणि पोरगं तर इतकं खुशीत होतं. गेला महिनाभर त्याच्या तोंडात चाकांशिवाय दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी कामावरून आला की घराच्या पुढल्या सोप्यात बापाशेजारी बसायचा आणि समजावून सांगायचा. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा. दुसरा रबराच्या उंचीचा, तोही रुंदीच्या हिशेबानं. शेवटचा रिमचा. तेराच्या जागी चौदाची रिम घातली तर रबर बुटकं घ्यायचं, म्हणजे चाक होतं तेवढंच उंच राहतं. न्हाईतर गाडी पळणार एक आणि मीटर सांगणार एक. आकारामला त्यातलं निम्मं समजायचं. पण शाळेत असताना पाढे म्हणून दाखवायला बसायचा, त्यानंतर पोरगं इतकं जवळ येऊन कधी बसलंच नव्हतं. म्हणून तो मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचा, रबर बुटकं का घ्यायचं म्हणालास?

रिम ठरल्या होत्या, पाच पात्यांच्या, चांदीसारख्या. अडलं होतं ते रुंदीवर. एकशेपंच्याऐंशी की एकशेपंच्याण्णव? पंच्याऐंशी बसणार यात कुणाला शंका नव्हती. पण उदयसिंहाचा जीव पंच्याण्णववर होता. मागून बघितलं की गाडी कशी पाय रोवून उभी राहिल्यासारखी दिसते, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना स्वतःच दोन्ही पाय फाकवून उभा राहायचा. गणपतरावांचं म्हणणं होतं की पंच्याण्णव दिसतो झ्याक, पण मागं माणसं बसून गाडी खड्ड्यात आपटली तर मडगार्डच्या कडेला घासण्याची भीती आहे. तेव्हा आधी मागच्या दोन चाकांना चढवून बघू, आणि न घासलं तर चारही घालू. ते मागचे दोन आता चढले होते.

"चला आबा," उदयसिंह मागचं दार उघडत म्हणाला. "तुम्ही ह्या अंगाला, सयाजीकाका त्या अंगाला."

सयाजी म्हणजे आकारामचा तालमीतला जोडीदार. त्याच्या आता म्हशी होत्या, दुधाचा धंदा होता आणि म्हशींच्या बरोबरीनं वाढलेलं पोट होतं. चाकं बघायला म्हणून तो आपणहून आला होता आणि सकाळपासून गणपतरावांचे दोन चहा पिऊन बसला होता. मुडशिंगीच्या मैदानात आकारामनं त्याला चीत केलं होतं, ती गोष्ट तो स्वतःच सगळीकडे सांगत फिरायचा. फक्त त्याच्या सांगण्यात आकारामचं वजन दरवर्षी थोडं वाढायचं.

गाडी उद्यमनगरातून निघाली. पुढं गणपतराव, उदयसिंहाच्या शेजारी, कान खिडकीबाहेर काढून. मागं दोघे पैलवान. कारखान्यांच्या मागच्या बाजूला एक उखडलेला रस्ता होता आणि त्यावर एक आडदांड स्पीडब्रेकर. गणपतरावांच्या सगळ्या परीक्षा तिथं व्हायच्या.

स्पीडब्रेकरवरून गाडी खाली आली आणि डाव्या अंगाला, सयाजीच्या बुडाखाली, खर्रकन आवाज झाला. उजवीकडे काही नाही.

"आक्या," सयाजी म्हणाला, "तू काय बुड उचलून धरलंयस काय रं?"

गणपतरावही हसले. आकाराम म्हणाला की म्हशीचं दूध विकायचं सोडून सगळं तूच पितोस, मग चाक वरडणार न्हाई तर काय करणार. बोलता बोलता त्यानं शर्ट पोटावर सारखा केला.

गणपतराव गाडीतून उतरले, डावीकडे वाकून बघून आले. रिम सारख्या, टायर सारखे, हवा सारखी. मग एकाच बाजूला का घासावं? डावीकडची स्प्रिंग बसली असंल, ते म्हणाले. एक काम करा, दोघांनी जागा बदला. आवाज डावीकडंच राहिला तर स्प्रिंगचा दोष, उजवीकडं आला तर माणसाचा.

कुस्तीच्या आधी जोड लावताना दोघांना समोरासमोर उभं करतात, तसं त्या दोघांनी गाडीच्या मागून एकमेकांना ओलांडलं. सयाजी काहीबाही बडबडत होता. आकारामला उन्हातसुद्धा अंगावरचे दोन्ही बनियन वेगवेगळे जाणवत होते. डावीकडे बसल्यावर त्यानं अंग सैल सोडलं, श्वास भरून घेतला आणि सीटमध्ये जेवढं रुतता येईल तेवढं रुतून बसला. दोन्ही तळवे त्यानं छताला लावले आणि छत वर ढकलावं तसं स्वतःला खाली दाबलं. गाडी वळून पुन्हा स्पीडब्रेकरकडे निघाली. घास, तो मनात म्हणाला. घास की एकदा.

पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. गाडी वरून खाली येताना आकारामनं सगळं अंग सीटवर टाकलं.

खर्र.

उजवीकडून.

सयाजीला मोठ्यानं हसू फुटलं. हसताना सवयीनं त्यानं आकारामच्या मांडीवर थाप मारली. तालमीतल्यासारखी, पूर्ण पंज्याची. थाप पडली आणि त्याचं हसणं तिथंच थांबलं. हात मात्र त्यानं काढला नाही. मांडी म्हणून जिथं हात ठेवला होता तिथं त्याला लेंग्याचं कापड लागलं, आणि कापडाखाली हाड. त्यानं मान वळवून आकारामकडे बघितलं. आकाराम खिडकीबाहेर एका बंद शटरकडे बघत होता.

"स्प्रिंगच हाय," सयाजी पुढं बघून म्हणाला. "दोन्हीकडची बसल्यात स्प्रिंगा. जुनी गाडी हाय की."

गणपतराव म्हणाले, अहो दोन्हीकडची बसली असती तर दोन्हीकडं घासलं असतं. सयाजी म्हणाला, आपल्याला काय मोटारीतलं कळतंय.

उदयसिंहानं आरसा हातानं थोडा खाली केला. त्यात आता मागची काच दिसत नव्हती, फक्त बाप दिसत होता. छतावरचे हात हळूहळू खाली घेणारा, शर्टाची गळपट्टी सारखी करणारा. आरशात दोघांची नजर क्षणभर भेटली. आकारामनं आधी नजर काढली.

दुकानापर्यंतचा रस्ता फार नव्हता, पण त्याला वेळ लागला. मघाशी मुद्दाम खड्डे शोधणारा उदयसिंह आता एकेक खड्डा चुकवत होता, घागर डोक्यावर घेतलेली बाई चालते तशी गाडी नेत होता. गणपतरावांनी दोनदा त्याच्याकडे बघितलं आणि मग कान खिडकीतून आत घेतला.

दुकानापाशी उतरल्यावर मात्र त्यांचा धंद्याचा आवाज परत आला. काळजी करण्यासारखं काही नाही. मडगार्डची आतली कडा दोन्हीकडं दुमडून देतो, रंगालासुद्धा धक्का लागणार नाही. मग सयाजीराव बसू द्यात नाहीतर त्यांची म्हैस, चाक कुठंच टेकणार नाही. पंच्याण्णवच घ्या. तुमच्या मनात आहे तेच घ्या.

उदयसिंह चाकाशी बसला होता. गणपतराव मघा बसले होते तसाच, आणि त्याचा अंगठा टायर आणि पत्र्याच्या मधल्या जागेत होता. आकाराम दोन पावलांवर उभा होता. त्याला वाटलं, आता पोरगं उठेल आणि सगळ्यांसमोर विचारेल. काय विचारेल ते त्याला ठाऊक होतं.

"पंच्याऐंशी घाला," उदयसिंह म्हणाला.

गणपतरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा कडा दुमडण्याचं सांगितलं. पुन्हा म्हणाले, तुमच्या आबांच्या अंगाला तर घासलंच न्हाई, तुम्ही ऐकलंसा की.

"आत्ता न्हाई घासलं." उदयसिंहानं अंगठा बाहेर काढला, पण नजर चाकावरून हलवली नाही. "दसऱ्यापातूर घासंल. आबा भरतील की परत. तवा काय पुन्ना टायर बदलत बसायचं व्हय? जागा असू दे."

शेजारच्या लेथवर लोखंड कातल्याचा आवाज तेवढा येत होता. गणपतरावांनी एकदा बापाकडे बघितलं, एकदा लेकाकडे, आणि मग जॅक आणायला स्वतःच आत गेले.

सयाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्याला आठवलं की त्याला स्टेशन रोडला पेंडीच्या दुकानात जायचं आहे. उदयसिंह गाडीनं सोडतो म्हणाला, तर नको म्हणाला, चालल्यानं पोट उतरतंय. जाताना त्यानं आकारामच्या दंडाला धरलं, जरा जास्तच वेळ.

"दसऱ्याला बघतो तुला," तो म्हणाला. "मैदानात न्हाई. ताटावर."

पंच्याऐंशी चढले. चाकं खरंच देखणी दिसत होती. गाडी पाय रोवून उभी नव्हती, पण नीट उभी होती. उदयसिंहानं चारी बाजूंनी फिरून बघितली, एका रिमवरचा बोटाचा ठसा पुसला आणि बापासाठी पुढचं दार उघडलं. आकाराम मागच्या दाराकडे निघाला होता. तो थबकला, आणि पुढं येऊन बसला.

बराच वेळ दोघेही चाकांविषयीच बोलले. स्टिअरिंग हलकं लागतंय का, आवाज कमी झाला का. आकारामनं विचारलं, रबर बुटकं का घ्यायचं म्हणालास? उदयसिंहानं पुन्हा सगळं समजावून सांगितलं, पहिल्यासारखंच, एक आकडा न गाळता.

चौकात सिग्नल लाल होता. उजवीकडे वळलं की बावड्याचा रस्ता. सरळ गेलं की दवाखाना. उदयसिंहानं वळण्याचा दिवा लावला नव्हता. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोरच्या टेम्पोकडे बघत होता, विचारतही नव्हता आणि वळतही नव्हता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. दिवा हिरवा झाला होता.

आकारामनं शर्टाचं वरचं बटण काढलं. गरम होत होतं.

"घे सरळ," तो म्हणाला. "पर आदी आईला फोन लाव. जेवायला उशीर हुईल म्हणावं आमाला."